बेसिस्ट ऑगस्टमध्ये निघालाय, मग रेकॉर्ड कधी करायचं?

*ताई, आम्ही निफाड तालुक्यातले चौघं, तीन वर्षांपासून मराठी रॉक वाजवतोय. ड्रमरच्या वडिलांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. सीझन संपला की तिथेच आमची तालीम चालते. दहा गाणी तयार आहेत. कार्यक्रमांचे साठवलेले पैसे आणि गिटारिस्टच्या काकांनी दिलेले ६०,००० धरून १,८०,००० रुपये जमलेत. मुंबईतला एक स्टुडिओ चार दिवसांत दहा गाण्यांचा अख्खा अल्बम १,६०,००० मध्ये करून देतो म्हणतोय, पण ड्रम्स कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करणार. एक म्युझिक कंपनी ४०,००० द्यायला तयार आहे, करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं आहे. त्यात आमचा बेसिस्ट २२ ऑगस्टला शिकायला जर्मनीला चाललाय. नवा बेसिस्ट बघून पुढच्या वर्षी सावकाश करावं का? शिवाय शब्द माझे असतात, पण गिटारिस्ट म्हणतो रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) माझा म्हणजे गाणं माझं. दोन गाण्यांना शब्द मर्ढेकर आणि ग्रेस यांच्या कवितांचे आहेत. आणि घरचे विचारतात, यातून मिळणार काय?*

*— एक गायक, पिंपळगाव बसवंत*

प्रिय गायका,

पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. याच उन्हाळ्यात, याच बेसिस्टला घेऊन, दहा नाही तर चारच गाणी करा. आणि ती मुंबईत नको, तुमच्या पॅकहाऊसमध्येच करा. पत्र वाचल्यापासून माझ्या मनात हेच आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

मी स्वतः बेस वाजवायचे आणि आता वीस वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड करते, त्यामुळे बेसिस्ट जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तीन वर्षं एका खोलीत वाजवलं की ड्रमरचा उजवा पाय आणि बेसिस्टची बोटं यांचं एक गूळपीठ जमतं. पायानं वाजणारा किक ड्रम कधी केसभर मागे पडणार हे बेसिस्टला आधीच कळतं आणि तोही तेवढाच मागे थांबतो. ऐकणाऱ्याला यातलं काही वेगळं काढून दाखवता येत नाही, त्याला फक्त मान डोलवावीशी वाटते. नवा मुलगा कदाचित जास्त तयारीचा मिळेल, पण त्याच्याबरोबर हे जमायला पुन्हा वर्ष-दीड वर्ष जाईल, आणि जे जमेल ते वेगळं असेल. आत्ता जे जमलंय त्याची मुदत २२ ऑगस्टपर्यंत आहे.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडची गोष्ट तुला मुद्दाम सांगते. १९७६ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ओळखीच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, २८ तारखेला तिथल्या एका स्टुडिओत शिरले आणि एका दिवसात चार गाणी वाजवून बाहेर पडले. मोठ्या कंपन्या लंडनमध्ये होत्या आणि त्या बोलावतील याची वाट बघण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी 'न्यू हॉर्मोन्स' या नावाचं स्वतःचंच लेबल काढलं आणि २९ जानेवारी १९७७ ला सात इंची रेकॉर्ड बाजारात आणली. सुरुवातीला छापल्या फक्त १,००० प्रती, पण मागणी इतकी आली की आकडा १६,००० च्या घरात गेला. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी कुठलं गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्यांदा वाजवलेलं आहे आणि त्यावर मागाहून चढवलेला गिटारचा ओव्हरडब आहे की नाही, हे सरळ छापलं होतं. तीन गाणी पहिल्याच टेकची आहेत. रेकॉर्ड अशी तयार होते आणि ती तुम्हीही करू शकता, एवढं ते पाकीट वाचणाऱ्याला सांगत होतं, आणि ते वाचून इंग्लंडभर पोरांनी स्वतःच्या रेकॉर्ड्स काढल्या.

पण तुझ्यासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. रेकॉर्ड आली आणि लगेचच त्यांचा गायक हॉवर्ड डिव्होटो बँड सोडून गेला. गिटारिस्ट पीट शेली गायला लागला, आणि बेस वाजवणारा स्टीव्ह डिगल गिटारवर आला. पुढे त्यांनी नाव कमावलं, पण तो बँड वेगळा होता. डिव्होटो असताना बाहेर आलेली त्यांची रेकॉर्ड ती एकच. 'जरा नीट बस्तान बसू दे, पुढच्या वर्षी बघू' असं ते म्हणाले असते, तर पुढच्या वर्षी ती गाणी वाजवायला ते चौघं नव्हते.

आता दहाऐवजी चार का, ते सांगते. चार दिवसांत दहा गाणी म्हणजे दिवसाला अडीच. त्यात ड्रम्स प्रोग्रॅम करणार म्हणजे तुमचा ड्रमर बाजूला बसून बघणार, आणि बेसिस्ट कॉम्प्युटरच्या ठोक्यावर एकटा वाजवणार. ज्यासाठी घाई करायची तीच गोष्ट त्या १,६०,००० मध्ये नाहीये. त्या स्टुडिओचा यात दोष नाही, बरीच गाणी आज अशीच होतात आणि चांगलीही होतात. तुमच्या गाण्यांना मात्र ती पद्धत मानवणार नाही. आपल्याकडे इंडियन ओशन या बँडचा १९९७ चा अल्बम तर दिल्लीतल्या एका मैफलीचं थेट रेकॉर्डिंग आहे. चौघांनी एका वेळी, एकमेकांकडे बघत वाजवलेलं, असंच तुमचंही व्हायला हवं. चार गाणी निवडताना एकच कसोटी ठेवा: कार्यक्रमात कुठल्या चार गाण्यांना तुम्ही सेटलिस्टकडे न बघता, एकमेकांना खूण न करता शिरता? तीच घ्या.

आता पॅकहाऊसबद्दल. तू 'तिथेच तालीम चालते' असं एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण मला तर ते वाचून आनंद झाला. मी अशा दोन-तीन पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आज संध्याकाळी शेडच्या मधोमध उभा राहा आणि एकच कडक टाळी वाजव. टाळीमागोमाग पाखरू फडफडल्यासारखा आवाज येतोय का ऐक. समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये आवाज येरझारा घालतो, त्याची ती फडफड. ड्रमरला कोपऱ्यात बसवलं असेल तर तिथून उठवा आणि शेडच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर, भिंतींना जरा तिरकं बसवा. ड्रमसेटखाली जाड सतरंजी टाका. सेटच्या मागे आणि एका बाजूला दोऱ्या बांधून गोधड्या, वाकळा, जुन्या गाद्या लटकवा, पण भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढे. मागे हवा राहिली की त्या जास्त आवाज पितात. अंड्यांचे ट्रे आणू नका, त्यांनी आवाज अडत नाही. प्लास्टिकचे क्रेट जाळीचे असतात, त्यांचाही उपयोग नाही. पुन्हा टाळी वाजव. फडफड गेली आणि शेडचा मोकळेपणा राहिला, की थांबा. तो मोकळेपणाच तुमच्या ड्रम्सचा आवाज आहे, मुंबईत तो पैसे देऊन मिळणार नाही.

तुमच्याकडे द्राक्षं थंड करायची प्रीकूलिंगची खोली असेलच. गिटारचा अ‍ॅम्प त्या खोलीत ठेवा, समोर माइक लावा, केबल दाराच्या फटीतून काढा आणि दार लोटून घ्या. तिच्या भिंतींचं फोमचं पफ पॅनेल उष्णता अडवायला असतं, आवाज फारसा अडवत नाही, पण दार जाड असतं आणि अ‍ॅम्प निदान ड्रमच्या माइकपासून लांब जातो. गिटारिस्ट मात्र बाहेर, ड्रमरच्या नजरेसमोर, हेडफोन लावून उभा. खोलीचा कॉम्प्रेसर त्या दोन दिवसांत बंद हवा. तो चालू झाला की गिटारच्या पिकअपमधून घूं-घूं ऐकू येते आणि ती नंतर काढता येत नाही. अर्थिंगही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि माइक नाशिकहून दोन दिवसांसाठी भाड्यानं आणा. आठ पुरतात: किक, स्नेअर, फ्लोअर टॉम, वरचे दोन ओव्हरहेड माइक, बेस डीआय बॉक्समधून (माइकशिवाय, केबलनं) थेट, गिटार अ‍ॅम्पचा एक आणि आठवा तुझ्या कच्च्या गायकीला. तुझं खरं गाणं नंतर, शांतपणे घे. चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर रेकॉर्ड करा आणि लेव्हल जपून ठेवा, लाल दिवा एकदाही लागता कामा नये. ड्रम्सना नवी कातडी आदल्या दिवशी चढवा, म्हणजे ताण बसतो. बेसच्या तारा जुन्याच राहू देत, बेसिस्टला त्यांची सवय आहे. एका गाण्याचे जास्तीत जास्त पाच टेक घ्या. पाचव्यानंतर हात फक्त चुका टाळायला लागतो. जेवणानंतर तास-दीड तास काही घेऊ नका, आमरस चापून वाजवलेलं लगेच कळतं.

हे सगळं मृगाच्या आत उरका. पत्र्यावर पहिली सर आली की तुमचा स्टुडिओ संपला.

दोन दिवसांसाठी एक जाणता साउंड इंजिनिअर बोलवा, रेकॉर्ड करण्यात हात आखडता घेऊ नका. आणि जवळच्या १,८०,००० पैकी निदान तिसरा हिस्सा मिक्सिंग-मास्टरिंगला (सुटे ट्रॅक एकत्र जुळवणं आणि त्यावर शेवटचा हात फिरवणं) बाजूला काढा, त्यातही मिक्स करणारा आणि मास्टर करणारा माणूस वेगळा असू दे. मिक्स हातात आलं की ते फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि तुमच्या गावातल्या एखाद्या डीजेच्या सिस्टिमवर ऐका. फार मोठ्या आवाजात मास्टर करून घ्यायचा हट्ट धरू नका. स्पॉटिफाय सगळ्यांची गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) या एकाच पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली उतरतं आणि नुसतंच चपटं ऐकू येतं.

आता गाणं कोणाचं. या एका वादावर बँड फुटलेले मी पाहिलेत, म्हणून रेकॉर्ड बटण दाबायच्या आधी, दाबल्यानंतर नाही, एक कागद करा. रेकॉर्ड झालेल्या गाण्यात कायद्यानं तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. तुझा गिटारिस्ट पूर्ण बरोबर नाही आणि तूही नाहीस. रिफ म्हणजे अख्खं गाणं नव्हे, पण कधी कधी रिफ काढून घेतला तर गाणं उरत नाही, हेही खरं. माझा सल्ला असा: शब्दांचे ५० टक्के लिहिणाऱ्याला आणि चालीचे ५० टक्के चौघांत सारखे, म्हणजे प्रत्येकाला साडेबारा. अशा गाण्यात तुझे साडेबासष्ट होतात. ज्या गाण्याचा जन्मच त्याच्या रिफमधून झालाय, तिथे चालीतला निम्मा वाटा त्याला द्या आणि उरलेला तिघांत वाटा. हे तू स्वतःहून पुढे कर, त्याला मागायला लावू नकोस. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र चौघांची समसमान, पंचवीस-पंचवीस, आणि जर्मनीत गेलेल्याचेही पंचवीस कायम, असं त्यात स्पष्ट लिहा. गाणंवार लिहा, तारीख घाला, चौघांनी सह्या करा.

काकांचे ६०,००० त्याच कागदावर आले पाहिजेत. ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो कायद्याच्या भाषेत निर्माता, आणि मालकी पहिली त्याची. काकांनी प्रेमानं दिलेत, पण उद्या त्यांच्या मुलानं विचारलं तर? 'हातउसने, अमुक तारखेपर्यंत परत' अशी ओळ लिहून त्यांची सही घ्या. ते हसतील. हसू देत, पण सही घ्या.

कवितांचं सोपं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो आणि तो मोजतात मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे २०१६ च्या अखेरीस त्यांच्या कवितांचा कॉपीराइट संपला. ती कविता खुशाल घ्या, शब्दांपुढे त्यांचं नाव ठळक छापा आणि कडवं बदलू नका. त्या गाण्यात वाटप फक्त चालीचं. ग्रेस २०१२ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०७२ च्या अखेरपर्यंत राखीव आहेत. वारसांची लेखी परवानगी आल्याशिवाय ते गाणं कुठेही चढवायचं नाही. ती ऑगस्टच्या आत येईल असं धरून चालू नका. या चारांत ते गाणं नको, आणि पत्र आजच पाठवा.

कंपनीच्या ४०,००० ना नाही म्हणा. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, पण त्यांनी 'कायमस्वरूपी' लिहिलंय, म्हणजे ही पळवाटही बंद केलीय. २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही, तेवढं संरक्षण तुझ्या शब्दांना आणि तुमच्या चालीला आहे. ध्वनिमुद्रणाला ते नाही. ते एकदा दिलं की दिलं. कोणी ठरावीक वर्षांसाठी आणि लेखी हिशेबासह परवाना मागितला तर विचार करा, कायमचं काही देऊ नका.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवण्यासाठी डिजिटल डिस्ट्रिब्युटर लागेल. तोच प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक देतो. तो वहीत लिहून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात तरी ट्रॅकचा क्रमांक तोच राहिला पाहिजे. बँडचं नाव रोमनमध्ये एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच स्पेलिंग घाला. भाषा विचारतील तिथे मराठी निवडा. प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायला गाणं निदान सात दिवस आधी द्यावं लागतं, मी तर चार आठवडे धरून चालते. तू आणि ज्यांनी चाल बांधली ते सगळे आयपीआरएसचे सभासद व्हा. शब्द आणि चाल सार्वजनिकरीत्या वाजल्याचे पैसे ती संस्था गोळा करते.

घरच्यांना खरं सांग, पैसे फार मिळणार नाहीत. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही, आणि त्यापुढेही रक्कम किरकोळ असते. बँडकॅम्प या साइटवर थेट विकलंत तर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, बाकी बरंचसं तुमचं. त्यापेक्षा एक पुस्तिका छापा, चारही गाण्यांचे शब्द, पॅकहाऊसचे फोटो, कोण काय वाजवतंय आणि कितवा टेक आहे, आणि आत डाउनलोड कोड. दोनशे प्रती काढा आणि कार्यक्रमात हातानं विका. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग, जूनमध्ये मिक्स, जुलैच्या पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरकडे आणि ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी प्रकाशन, असं धरलं तर बेसिस्ट हाताशी असताना निदान एक कार्यक्रम होतो. आईवडिलांना त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसव. मला वाटतं, त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळेल.

एक गोष्ट माझी सांगते. १९९९ मध्ये पुण्यात आमच्या बँडनं सहा गाणी रेकॉर्ड केली. तेव्हा एडॅट असायचं, दिसायला व्हिडिओ कॅसेटसारखी टेप, आठ ट्रॅकची. मिक्सिंगचे थोडे पैसे द्यायचे राहिले होते, म्हणून टेप स्टुडिओतच ठेवली. मधे परीक्षा आल्या, मग आमचा ड्रमर नोकरीसाठी मस्कतला गेला. चार महिन्यांनी पैसे घेऊन गेले, तर आमच्या टेपवर कुणाचीतरी भक्तिगीतं होती. टेप महाग असायच्या, स्टुडिओनं पुसून वापरली होती. आम्ही चौघं पुन्हा कधी एकत्र वाजवलं नाही. माझ्याकडे त्यातल्या दोन गाण्यांची टू-इन-वनवर केलेली तालमीची कॅसेट आहे. तिच्यात बेस ऐकूच येत नाही.

म्हणून रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या रात्री, सामान परत करायच्याही आधी, इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवरून सगळी सेशन्स उतरवून घ्या. मिक्स झालेली नव्हे, प्रत्येक माइकचा सुटा ट्रॅक, न आवडलेल्या टेकसकट. तीन हार्डडिस्कवर. एक तुझ्या घरी, एक ड्रमरच्या. तिसरी २१ ऑगस्टच्या रात्री बेसिस्टच्या केबिन बॅगेत ठेव, चेक-इनच्या नको.

— ताई